अंडीवाल्यांची आवणी

फुटबॉलच्या मैदानापेक्षा रग्बीचं मैदान आखायला जास्त दोरी लागते. दोन्ही खेळ एकाच मैदानावर असतील तर आणखी एक पंचाईत होते. एकाच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांना छेदतात आणि खेळाडू भलत्याच रेषेवर जाऊन उभा राहतो. हे मला कुणी शिकवलं नाही. नारायणगावच्या मीनाकाठ फुटबॉल क्लबचं मैदान राखता राखता कळलं.

दिवाळी अंकासाठी कामाचा अनुभव लिही असं सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. असे अनुभव निवृत्त डॉक्टर लिहितात, फौजदार लिहितात. मी अजून बाहेरून एम.ए. करतो आहे, आणि सकाळी मैदानावर फक्की मारतो. पण क्लबची रग्बीची टीम आता राहिलेली नाही. ती होती, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटलं, म्हणून धाडस करतो आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायचे, आई येडगावात द्राक्षांच्या बागेत कामाला जायची. नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी क्लबमध्ये लागलो. गवत काढायचं, खड्डे बुजवायचे, गोलच्या जाळ्या शिवायच्या आणि सामन्याच्या सकाळी फक्की मारायची. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. तळाला भोकं पाडलेल्या डब्यात ती भरतात आणि ताणलेल्या दोरीवरून डबा हलवत चालतात. यात एकच गोष्ट सांभाळायची असते. थांबायचं नाही. थांबलं की तिथं ढीग पडतो. आणि नजर हातावर ठेवायची नाही, समोरच्या खुंटीवर ठेवायची. माझी रेष सरळ येते, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. बाकीच्या बाबतींत मला तेवढी खात्री नसते.

रग्बी आणली सुभेदारांनी. ते शिनोलीचे. फौजेत असताना रग्बी खेळलेले. निवृत्त होऊन गावी आले, आणि एक दिवस कापडी पिशवीत लांबट चेंडू घेऊन क्लबच्या अध्यक्षांकडे हजर झाले. अध्यक्ष म्हणजे येडगावचे नाना. मोठे द्राक्षबागाईतदार, मनानं मोकळे, तोंडानं त्याहून मोकळे. त्यांनी चेंडू हातात घेऊन उलटासुलटा केला.

“सुभेदार, हे कोंबडीनं घातलंय का बदकानं?”

“नाना, पावसाळ्यात तुमचं मैदान मोकळंच पडलेलं असतं. तेवढं द्या. बाकी माझ्यावर सोडा.”

“मैदान घ्या की. पर नाव क्लबचं लावायचं. आन उबवून पिल्लू निघालं तर आदी मला दाखवायचं.”

त्या दिवसापासून फुटबॉलची पोरं या टीमला ‘अंडीवाले’ म्हणू लागली. पुढे अंडीवाले स्वतःही तेच म्हणायचे.

रग्बीला एका बाजूला पंधरा जण लागतात. सात मागून पळणारे आणि आठ पुढे, एकमेकांच्या खांद्यात हात अडकवून, डोकी खाली घालून समोरच्या आठ जणांना रेटणारे. पळणारे क्लबमध्येच होते, नारायणगाव-येडगावकडची बागाईतदारांची पोरं. नानांचा संदीप त्यांच्यात सगळ्यात चपळ, तोच कप्तान झाला. रेटणारे सुभेदारांनी डिंभे धरणाच्या वरच्या एका वाडीतून आणले. डोंगरउतारावर भात नि नाचणी पिकवणारी माणसं, पण कबड्डीत तालुकाभर नाव. त्यांचा म्होरक्या बुधाभाऊ. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, बोलायला कमी.

पहिल्या दिवशीचा सराव मी विसरणार नाही. बुधाभाऊ चेंडू घेऊन निघाला. संदीपनं त्याला कमरेत धरून पाडलं. बुधाभाऊ उठला, चेंडू संदीपच्या हातात ठेवला आणि शांतपणे रेषेबाहेर जाऊन मांडी घालून बसला. मग दुसरा पडला, तोही उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. मग तिसरा. थोड्या वेळानं बघतो तर वाडीची सगळी माणसं ओळीनं बाहेर, आणि मैदानात नुसती पळणारी पोरं.

सुभेदार धावत आले. “अरे, बाहेर काय बसलाय?”

“बाद झालो की,” बुधाभाऊ म्हणाला.

“रग्बीत पडलं म्हणजे बाद नाही होत! चेंडू सोडायचा, उठायचं, पुन्हा खेळायचं.”

“मंग मानूस बाद कदी व्हतो?”

“होतच नाही.”

“कदीच न्हाई?”

“कधीच नाही.”

बुधाभाऊनं जरा विचार केला. “बरा खेळ हाये की मंग,” म्हणाला आणि उठला. त्याच्यामागे सगळी ओळ उठली.

मी या खेळाचा पंच झालो तो केवळ कॉलेजात होतो म्हणून. सुभेदारांना खेळ अंगानं माहीत होता, पण नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. “ए कॉलेज, वाच जरा,” म्हणाले आणि माझं नाव तेच पडलं. मी शब्दकोश घेऊन वाचायचो, अडखळायचो आणि मैदानावर सांगायचो. पुढे पळायचं, पण चेंडू हातानं पुढे द्यायचा नाही, मागच्यालाच द्यायचा. समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो, म्हणजे गुण मिळतात. सांगता सांगता शिटी माझ्याच गळ्यात आली. ज्यांच्या बागेत आई काम करायची त्यांच्याच मुलाविरुद्ध मला शिटी वाजवावी लागायची. नाना कट्ट्यावरून ओरडायचे, “ए कॉलेज, माज्या पोराला लई शिट्या मारतोय रं तू!” पण संदीपनं एकदाही हुज्जत घातली नाही. हे मला त्याच्याबद्दल मुद्दाम लिहायचं आहे.

मैदानाचं म्हणाल तर पावसात फक्की टिकत नाही. म्हणून मी खताच्या गोण्यांच्या पट्ट्या काठ्यांना बांधून कडेनं निशाणं रोवली. गोलखांब बोअरवेलच्या जुन्या पाइपांचे केले. फुटबॉलचे जुने शर्ट पहिल्याच रेटारेटीत फाटले, तेव्हा शिंप्यानं शाळेच्या गणवेशाच्या जाड कापडाचे निळे शर्ट शिवून दिले. त्यात सगळे शाळा सुटलेल्या पोरांसारखे दिसायचे.

आषाढात पुण्याला स्पर्धा होती. बोलावणं आलं आणि पाऊसही जोरात लागला. वाडीची माणसं सरावाला यायची बंद झाली. चार-पाच दिवस वाट पाहून सुभेदार, संदीप आणि मी जीपनं वर गेलो.

खाचरांत आवणी चालू होती. आवणी म्हणजे भाताची रोपं एका जागेवरून उपटून चिखलात पुन्हा लावणं. बुधाभाऊ गुडघ्याएवढ्या चिखलातून बांधावर आला.

“सामन्याआदी आमचं उरकनार न्हाई, साहेब. अजून निम्म्या वाडीची खाचरं ऱ्हायलीत. रोप थांबत न्हाई.”

“तुझं झालं ना?” संदीपनं विचारलं.

“माजं झालं. पर माज्यात समदी आली व्हती. आता मला त्यांच्यात जायाला नको व्हय?”

तिकडे याला इरजिक म्हणतात. आज सगळी वाडी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नसते. ज्याचं शेत तो जेवायला घालतो. जो तुमच्याकडे आला, त्याच्याकडे तुम्ही जायचं. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

सुभेदारांनी बांधावर उभ्या उभ्या विचार केला. मग म्हणाले, “ठीक आहे. मग आपणही येऊ. सगळी टीम.”

आणि आम्ही गेलो. ज्यांच्या घरी चार गडी राबतात अशी पोरं पँटी दुमडून चिखलात उतरली. बुधाभाऊची बायको सुंदरावहिनी, तिनं आम्हाला शिकवायला घेतलं. “चार काड्या धरा. अंगठ्यानं दाबा. असं न्हाई वो, ते काय खिळा ठोकताय? लेकरू निजवल्यागत ठिवा.” संदीपचे पाय रुतले, निघेनात. बायका हसून हसून वाकल्या. एक म्हातारी म्हणाली, “पावणं रोप लावाया आल्यात का सोताच रुजाया?” दुपारी बुधाभाऊच्या घरात सगळे एका पंगतीला बसलो. भाकरी, खेकड्यांचं कालवण आणि नव्या पाण्याचा वास येणारा भात. संदीप दोनदा भात मागून जेवला. वरच्या वाडीत दोन दिवस आम्ही असे गेलो आणि आठही जण सामन्याला आले.

सामना आम्ही हरलो. चांगलेच हरलो. समोर बुटांना खिळे लावलेली, तालीम केलेली शहरी टीम होती. पण शेवटाशेवटाला आमचे आठ जण समोरच्या आठांना रेटत नेऊन रेषेपार गेले. सगळ्यात खाली बुधाभाऊ, छातीखाली चेंडू. मी तिथं पंच नव्हतो, कडेला निशाण धरून होतो. ढीग उलगडला तरी बुधाभाऊ चेंडू सोडेना. तिथल्या पंचानं ट्राय दिला होता. पण बुधाभाऊनं त्याचं ऐकलं नाही. मान उचलून मला शोधलं.

“कॉलेज, रेष वलांडली ना?”

“ओलांडली, भाऊ.”

मग त्यानं चेंडू सोडला.

त्यानंतर द्राक्षतोडीचे दिवस आले. एका सकाळी वाडीची आठही माणसं येडगावला नानांच्या बागेत येऊन उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. “आमी आलोय,” एवढंच बुधाभाऊ म्हणाला. मी आईचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून मी हे पाहिलं. दिवसभर त्यांनी क्रेट वाहिले, ओळीतून टेम्पोपर्यंत. संदीप त्यांच्याबरोबर राबत होता आणि त्याचा चेहरा फुललेला होता. पण दुपारी नानांच्या मुकादमानं त्यांना मजुरांबरोबर बांधावर जेवायला बसवलं. संध्याकाळी नाना आले, काम बघून खूश झाले आणि खिशातून नोटा काढून बुधाभाऊपुढे धरल्या.

बुधाभाऊनं हात पाठीमागे नेले. “नाना, आमी मजुरीला न्हाई आलो. इरजिकीला आलोय.”

“आरं घ्या रं,” नाना हसले. “आजकाल फुकाट कोन राबतंय!”

नाना वाईट बोलले नव्हते. कुणाचं फुकट घेऊ नये, हीच त्यांची रीत. संदीप काहीतरी म्हणायला पुढे झाला आणि थांबला. नाना नोटा क्रेटवर ठेवून गेले. त्या तिथेच राहिल्या. माणसं हायवेला जाऊन जीप धरून परत गेली. घरी जाताना आई म्हणाली, “त्यास्नी ओसरीवर बसवाया पायजे व्हतं. घरात पंगत मांडाया पायजे व्हती.” एवढंच म्हणाली.

तरी पुढच्या पावसाळ्यात टीम होती. आवणीला आमच्यातले निम्मेच गेले, पण गेले. संदीप गेला. वरून आठही जण सरावाला आले, स्पर्धेला आले. आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला. मला वाटलं, आता हे चालू राहणार.

तिसऱ्या पावसाळ्यात सुभेदार गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे होते. टोमॅटोची तोडणी ऐन भरात होती आणि बाजार चढलेला होता. पोरांच्या घरचे त्यांना सोडेनात. संदीपनं घरी विषय काढला तेव्हा नानांनी त्यांच्या परीनं तोड काढली.

“तुमी काय दिवे लावनार हाये चिखलात? मी चांगली आवणीवाली मानसं धाडतो. एका दिसात उरकून देतील. त्यांचंबी भलं, आपलंबी.”

ऐकायला यात काहीच चूक नव्हतं. रस्ता मला माहीत म्हणून मला जीपमधून पाठवलं.

वाडीत पोचलो तर पाऊस कोसळत होता. बुधाभाऊ वाट बघत बांधावर उभा होता. जीपमधून एकेक माणूस उतरू लागला, तसं तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

“संदीप कुठं हाये?”

“तोडणी चालू आहे, भाऊ.”

“आन बाकीची?”

“त्यांच्याकडेही.” मग मी म्हणालो, “नानांनी ही माणसं पाठवलीत. कामाला चांगली आहेत.”

मग त्यानं त्या मजुरांना घरात नेलं, कोरडं व्हायला पोती दिली, चहा दिला. सुंदरावहिनीनं आमच्यासाठी रांधलं होतं. खेकड्यांचं कालवण मोठ्या पातेल्यात शिजत होतं. तिनं ते त्यांना वाढलं, आग्रह करकरून वाढलं. ती माणसं बिचारी बावरून जेवली. काम न करता जेवायला बसवलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

जेवणं झाल्यावर बुधाभाऊ मला म्हणाला, “आता यांना परत न्या.”

“भाऊ, यांची मजुरी नाना देणार आहेत. तुम्हाला काहीच—”

“कळलं मला ते.”

मी पँट दुमडून खाचराकडे निघालो. त्यानं खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं. “ऱ्हाऊ द्या, कॉलेज. जीपमंदी जागा धरा आदी, न्हाईतर घोडेगावपतोर लोंबकळत जावं लागंल.”

एरवी तो मला ‘अरे कॉलेज’ म्हणायचा, अहोजाहो कधी नाही.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही टेम्पो घेऊन शिनोलीला फाट्यावर थांबलो. मागे संदीप आणि बाकीची पळणारी पोरं. वाडीची माणसं नेहमी तिथून चढायची. बराच वेळ कुणी आलं नाही. वरून आलेल्या प्रत्येक जीपकडे आम्ही बघत होतो. मग बुधाभाऊ आला. एकटाच. डोक्यावर इरलं, खांद्यावर खताची गोणी. गोणी त्यानं टेम्पोत ठेवली. आत आठ निळे शर्ट होते, धुतलेले, घडी घातलेले.

संदीप खाली उतरला. “भाऊ, असं काय करता? आवणी राहिली म्हणून येत नाही ना? मग ती माणसं परत का धाडली? अहो, ती आमच्यापेक्षा चांगलं लावतात!”

बुधाभाऊला हसू आलं. खरंच आलं. “तुमच्यापरीस कुनीबी चांगलं लावंल, राव. तुमी लावल्यालं दुसऱ्या दिशी पान्यावर तरंगायचं. बायका समदं गोळा करून परत लावायच्या. तुमी येऊन गेल्याव आमचा एक दिस वाढायचा.”

टेम्पोतलं कुणी हसलं नाही.

“दोन्ही वर्षी?” संदीपनं विचारलं.

“दोनी सालं.”

“मग सांगितलं का नाही? आम्हाला येऊ कशाला दिलं?”

“सांगायचं काय त्यात? तुमी आलता. तुमी आलता म्हनून आमी आलो.”

संदीपचा आवाज बदलला. “आत्ता येतो. सामना गेला खड्ड्यात. चला, सगळे येतो वर.”

“झाली आवणी,” बुधाभाऊ म्हणाला. त्यानं इरलं नीट केलं, मला मान हलवली आणि वरच्या अंगाला जाणाऱ्या जीपची वाट बघत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. जीप येईपर्यंत तो पलीकडे आणि आम्ही अलीकडे, असे उभे होतो. रस्ता काही रुंद नव्हता.

फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन मीच केला. पलीकडच्या माणसानं कारण विचारलं. मी सांगितलं, “पंधरा होत नाहीत.” तो बरं म्हणाला. अशी कारणं त्याला रोज येत असतील.

टीम बंद करायची असं कुणी ठरवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कुणी चेंडू काढला नाही, एवढंच. नंतर नानांनी खांब कापून त्या पाइपांवर क्लबची पाण्याची टाकी चढवली. सुभेदार काठी टेकत आले तेव्हा मी खांबांचे खड्डे बुजवत होतो. त्यांनी काठीनं माती दाबून पाहिली. “चांगलं चोपून घे, कॉलेज. कुणाचा पाय मुरगळेल,” म्हणाले आणि गेले. मी चोपून घेतलं होतं. पण खोल खड्ड्यातली माती बसत जाते. दर पावसाळ्यात तिथं वाटीसारखे चार खळगे पडतात, मी भर घालतो आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा पडतात.

संदीप आता बाग बघतो. क्लबवर येतो, माझी चौकशी करतो. आषाढ लागला की विचारतो, “वरची आवणी सुरू झाली का?” मी म्हणतो, झाली असेल. “पुढच्या साली जाऊ,” म्हणतो. त्याला जायचं असतं, हे मला दिसतं. आपण कोणत्या तोंडानं जायचं, हेही त्याच्या मनात असतं, तेही दिसतं.

मी मात्र जातो. पहिल्यांदा गेलो ते घाबरतच. सुंदरावहिनी म्हणाली, “आलात? उतरा मंग.” मी लावत पुढे निघालो. बांधाशी पोचून पाठ ताठ केली, तर ती माझ्या मागेच होती. माझं एकेक रोप उपटून नीट लावत येत होती. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसाची वाट बघायची गरज उरली नव्हती. पलीकडच्या खाचरातून बुधाभाऊ ओरडला, “अरे कॉलेज, चुन्याची रेष बरी सरळ मारतोस!” मला फार बरं वाटलं, ते ‘अरे’ ऐकून.

मागच्या आषाढात बांधाशी पोचलो, वळून पाहिलं, तर वहिनी मागे नव्हती. ती लांब, दुसऱ्या टोकाला लावत होती. माझी रोपं मी ठेवली तशी उभी होती. थोडी वाकडी, पण उभी. हे संदीपला सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग मी नवी मूठ घेतली आणि पुन्हा वाकलो. माझ्या डाव्या-उजव्या अंगाला बरीच जागा मोकळी होती, आणि रोप थांबत नाही.